काउंटरपलीकडून : कॅप्सूलचं कवच, पोटातलं इंजेक्शन आणि हलालचा प्रश्न

मागच्या अंकात 'कॅप्सूल फोडून घेऊ नका' एवढी एक ओळ लिहिली होती. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. पत्रं बहुतेक किनाऱ्यावरच्या गावांतून आलीत आणि बहुतेक मुस्लिम घरांतल्या वयस्कर माणसांबद्दलची आहेत. आधीच सांगून ठेवते, मी फार्मासिस्ट आहे, दापोलीत औषधाचं दुकान चालवते. हलाल काय आणि हराम काय, हे ठरवायचा अधिकार माझा नाही, तो मौलानांचा. औषधात काय घातलंय आणि त्याऐवजी दुसरं काय मिळतं, एवढं मला सांगता येतं.

ताई, माझे सासरे ७१ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवलाय. रात्री एक कॅप्सूल असते. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं की कॅप्सूलचं कवच डुकराचं असतं. तेव्हापासून अब्बा 'घेतली' म्हणतात आणि कॅप्सूल उशीखाली सारतात. चादर झटकताना सापडल्या. डॉक्टरांना सांगू नका, लाज वाटते म्हणतात. काय करू?
— एक सून, हर्णै

पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं हे प्रकरण नव्हतं. सूनबाईंनी खाली नंबर दिला होता, मी लगेच फोन केला आणि डॉक्टरांना त्याच दिवशी गाठायला सांगितलं. इथे सविस्तर लिहिते ते इतरांसाठी, कारण उशीखाली कॅप्सूल सारणारे अब्बा आणि नाना आपल्याकडे घरोघरी आहेत.

फोनवरच मी त्यांना पाकीट वाचायला लावलं. रोसुव्हास्टॅटिन, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. पहिलं कोलेस्टेरॉलसाठी, उरलेली दोन रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. नवा स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, असताना ही दोन अचानक थांबवली, तर स्टेंटच्या आतच गुठळी धरू शकते आणि पुन्हा हार्ट अटॅक येऊ शकतो. साधारण सहा महिने ते वर्षभर तरी या दोघांना हात लावायचा नसतो. नंतर कोणतं चालू ठेवायचं, ते हृदयाचे डॉक्टर सांगतात.

आता कवच. पाकिटाच्या मागे, औषधांच्या नावांच्या वर, बारीक अक्षरांत 'ईच हार्ड जिलेटिन कॅप्सूल कंटेन्स' असं छापलेलं असतं. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं आणि कातडी यांवर प्रक्रिया करून काढलेला पदार्थ. युरोपात ते मोठ्या प्रमाणावर डुकराच्या कातडीपासून करतात. आपल्या देशात जे जिलेटिन बनतं, त्याचा कच्चा माल मुख्यतः गाईगुरांची आणि म्हशींची हाडं. म्हणजे 'सगळ्या कॅप्सूल डुकराच्या' हा निरोप सरळसरळ चुकीचा आहे. पण तेवढ्याने अब्बांचं समाधान होणार नाही आणि का व्हावं? हाड म्हशीचं असलं तरी ती म्हैस जबह केलेली, म्हणजे इस्लामी पद्धतीने कापलेली, होती की नाही, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. मलाही ते माहीत असण्याचं कारण नाही.

सुदैवाने या कॅप्सूलमधली तिन्ही औषधं सुट्या गोळ्यांत मिळतात, कुठल्याही बऱ्या दुकानात. एका कॅप्सूलच्या जागी तीन गोळ्या गिळायच्या, एवढाच त्रास. मात्र ही अदलाबदल दुकानदाराने आपल्या मनाने करायची नसते, कायद्यानेही करता येत नाही. चिठ्ठी डॉक्टरांनीच बदलून द्यायला हवी. मुंबईचे डॉक्टर आपल्याकडे ठरलेल्या वारी येतात, पुढच्या वारापर्यंत थांबू नका. फोन करा, नाहीतर ज्यांनी त्यांच्याकडे पाठवलं त्या गावातल्या डॉक्टरांना गाठा. 'कवच नको, गोळी लिहून द्या' एवढंच म्हणायचं. हे ऐकून चिडलेला डॉक्टर मी तरी पाहिला नाही. ते घाईत असतात, आपण विचारलं नाही तर ते सांगत नाहीत, इतकंच. लाज वाटत असेल तर अब्बांना बाहेर बसवून मुलाने किंवा सुनेने विचारावं.

गोळ्यांतही मॅग्नेशियम स्टिअरेट नावाचा घटक असतो. तो वनस्पती तेलापासून होतो, तसा जनावराच्या चरबीपासूनही होतो. ज्यांना तिथवर खात्री हवी, त्यांनी पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर किंवा ईमेलवर कंपनीला विचारावं, आणि उत्तर लेखी मागावं. सगळ्या कंपन्या उत्तर देतातच असं नाही.

मौलानांकडे जाल तेव्हा रिकामं पाकीट बरोबर न्या. 'कॅप्सूल हराम का?' असं हवेत विचारलं की उत्तरही हवेतलंच मिळतं. जिलेटिनवर उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, एकमत नाही. १९९५ साली कुवेतमध्ये उलेमा आणि वैद्यकातली माणसं एकत्र बसली होती. हाडाकातड्याचं रूप समूळ पालटून त्याचं जिलेटिन झालं असेल तर ते पाक, म्हणजे शुद्ध, मानावं, असं मत तिथे मांडलं गेलं. अनेक उलेमांना ते मान्य नाही. अब्बांनी कुणाचं ऐकायचं ते अब्बा ठरवतील. पण ठरेपर्यंत रक्त पातळ ठेवणारं औषध चालू राहिलं पाहिजे, मग गोळीच्या रूपात का होईना.

वय ७४. लघवीच्या त्रासासाठी रात्री एक कॅप्सूल आहे. मी ती उघडतो, आतले दाणे केळ्यावर टाकून चावून खातो, कवच फेकतो. म्हणजे हलाल-हरामचा प्रश्नच नको. हल्ली फजरला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा मोरीत पडता पडता वाचलो. याचा काही संबंध?
— मिरकरवाडा, रत्नागिरी

चाचा, संबंध असू शकतो आणि दाट शक्यता आहे.

तुमच्यासारखेच एक बुजुर्ग माझ्या दुकानात येतात. ते कॅप्सूल कशी घेतात ते त्यांनी मला काउंटरवरच करून दाखवलं. अंगठ्याच्या नखाने टोपण फिरवलं, दोन्ही अर्धुकं वेगळी केली, तळहातावर पांढरे दाणे ओतले. मोहरीहून बारीक. दोन-चार काचेवरून घरंगळत खाली गेले, ते शोधायलाही लागले. मी म्हटलं, चाचा, हे दाणे म्हणजे नुसती भुकटी नाही. प्रत्येक दाण्यावर थर दिलेला असतो, औषध रात्रभर हळूहळू सुटावं म्हणून. तो दाताखाली फुटला की रात्रभराचं औषध तासाभरात अंगात उतरतं.

तुमच्या चिठ्ठीवर टॅमसुलोसिन आहे. प्रोस्टेटची वाट मोकळी करताना ते रक्तदाबही थोडा खाली आणतं. एकदम उतरलं की बिछान्यातून उठताना अंधारी येते, आणि या वयात पडलं की खुब्याचं हाड जातं. त्याचं काय होतं ते पुढे एका पत्रात आहेच.

टॅमसुलोसिन काही कंपन्या गोळीतही काढतात. अल्फुझोसिन नावाचं त्याच कामाचं दुसरं औषध तर गोळीतच येतं. दोन्ही अखंड गिळायच्या, चावायच्या नाहीत की तोडायच्या नाहीत. डॉक्टरांकडून बदलून घ्या आणि तोवरही दाणे चावणं आजच थांबवा. अंधारीचं डॉक्टरांना सांगा, उभं राहून रक्तदाब मोजायला सांगा. पहाटे उठताना आधी खाटेच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसा, मग वुजूला, नमाजाआधीचे हातपाय धुवायला, जा.

आम्लपित्ताच्या ओमेप्राझोल कॅप्सूललाही हाच नियम लागू. आत दाणेच असतात. तिथे पॅन्टोप्राझोलची गोळी हा रोजचा सोपा पर्याय आहे.

दादीला साखर फार, डॉक्टर इन्शुलिन सुरू करा म्हणतात. दादी म्हणते, इन्शुलिन डुकराचं असतं, तिच्या आईच्या वेळी सगळे सांगायचे.
— एक नातू, राजापूर

दादीचं ऐकणं खरं होतं, त्या काळापुरतं. १९२१ मध्ये इन्शुलिनचा शोध लागला, तेव्हापासून साठेक वर्षं ते गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतूनच काढत. १९८२ पासून मानवी इन्शुलिन बाजारात आलं. ते जिवाणू किंवा यीस्ट वाढवून त्यांच्याकडून तयार करून घेतात. आज दुकानात मिळणारं इन्शुलिन जवळपास सगळं याच पद्धतीचं. दादीला कुपीवरचं 'ह्युमन' वाचून दाखव. माणसाचं म्हणजे काय, असं ती विचारेल. माणसातून काढलेलं नाही, माणसाच्या इन्शुलिनसारखं हुबेहूब बनवलेलं, असं सांग. आणि कुपी फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. दादी हट्ट सोडेल, पण गोठून खराब झालेलं इन्शुलिन मात्र उपयोगाचं राहत नाही.

अम्मी ७८ वर्षांची, घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं. नंतर रोज पोटात इंजेक्शन देत होते. घरी आल्यावर माझ्या भाच्याने सांगितलं की ते डुकराच्या आतड्यापासून बनतं. अम्मीला अजून सांगितलेलं नाही. आता काय करायचं? आणि आणखी काही दिवस तेच द्यायला लिहिलंय.
— रत्नागिरी

भाचा बरोबर सांगतोय. ते इंजेक्शन एनॉक्सापॅरिन. हेपॅरिन या जुन्या औषधापासून ते करतात आणि हेपॅरिन काढतात डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस पडून राहतो, पायात गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. ती धरू नये म्हणून हे इंजेक्शन. तुमच्या अम्मी आज बसत्या-उठत्या आहेत, त्यात त्याचाही वाटा असणार.

पुढच्या दिवसांसाठी पर्याय आहे. फोंडापॅरिनक्स नावाचं इंजेक्शन संपूर्णपणे कारखान्यात बनतं, त्यात कुठल्याही प्राण्याचं काही नाही. तेही दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखालीच. पण सगळ्यांना चालत नाही. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर देत नाहीत आणि ५० किलोच्या आतल्या वजनाच्या माणसाला अशा ऑपरेशननंतर देणं टाळतात. ७८ वर्षांच्या कोकणी म्हातारीचं वजन ५० च्या आत असणं काही नवलाचं नाही, तेव्हा आधी वजन करा आणि क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा, रिपोर्ट शोधून ठेवा. काही रुग्णांना डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळीही देतात. सर्जनना आजच विचारा. आणि 'नाही' म्हणाले, तर आहे ते इंजेक्शन बंद करू नका.

झालेल्याचं काय, हे तुम्ही मला विचारलंत. ते मी सांगू नये. एवढं मात्र मला माझ्या दुकानात येणाऱ्या मौलानांनीच सांगितलंय की कुरआनच्या दुसऱ्या सुऱ्यात, १७३ व्या आयतीत, नाइलाजाने आणि मनात बंडखोरी नसताना जे घेतलं गेलं त्याचा गुन्हा धरलेला नाही. तुमच्या गावच्या मौलानांना अम्मीसमोरच बोलवा. या वयात माणसाला मुलाच्या तोंडून 'काही होत नाही' ऐकून समाधान होत नाही, ते मौलानांच्या तोंडून ऐकायचं असतं.

ज्यांच्या घरी पुढे गुडघा-खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यांनी भरती होतानाच हा विषय काढावा. भूल देणारे डॉक्टर ॲलर्जी विचारतात, तेव्हाच सांगायचं. हृदयाची झडप बदलायची असेल तरीही. तिथे डुकराची झडप वापरतात, तशाच गाईच्या हृदयावरणापासून केलेल्या झडपाही असतात आणि धातूच्याही. धातूची बसवली तर आयुष्यभर वारफॅरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि दर काही दिवसांनी रक्ततपासणी. टेबलावर झोपवल्यावर यातलं काही बदलत नाही.

मुलगा कुवेतला. येताना गुडघ्यासाठी ग्लुकोसामीन आणि ताकदीसाठी डी व्हिटॅमिनच्या मऊ कॅप्सूल आणतो. तिकडचं म्हणजे हलालच असणार ना?
— वय ६८, श्रीवर्धन

आपसूक धरू नका. तिकडेही जगभरातलाच माल विकला जातो. एक फायदा मात्र आहे. त्यांच्या डब्यात घडी घातलेला कागद असतो, त्यावर औषधाशिवायचे घटकही नावानिशी छापलेले असतात. आपल्याकडच्या पाकिटावर बहुतेक वेळा 'एक्सिपियंट्स क्यू. एस.', म्हणजे 'इतर घटक गरजेपुरते', एवढ्यावरच भागवतात. मुलाला तो कागद वाचायला सांगा. 'जिलेटिन (बोव्हाइन)' म्हणजे गुराचं, 'पोर्साइन' म्हणजे डुकराचं. 'हायप्रोमेलोज' किंवा 'एचपीएमसी' असेल तर कवच लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूपासून केलेलं.

डी व्हिटॅमिन साधारणपणे मेंढीच्या लोकरीच्या तेलापासून काढतात. अडचण मऊ कवचाची, ते बहुधा जिलेटिनचंच असतं. आपल्याकडे आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची पुडी मिळते, बरेच जण तिकडे वळतात. पण डी-३ ची भुकटी टिकावी म्हणून काही उत्पादक तिच्यावरही जिलेटिनचाच लेप देतात आणि पुडीवर त्याचा उल्लेख नसतो. त्यापेक्षा छोट्या बाटलीत येणारं पातळ डी-३ बरं, तेही कंपनीला विचारून. एक सांगू? रक्तातलं डी मोजून न घेताच दर आठवड्याला ६०,००० घेणारे पुष्कळ भेटतात. त्याची सवय लावून घेऊ नका.

ग्लुकोसामीन बहुतेक वेळा कोळंबी आणि कुर्ल्यांच्या कवचांपासून. शाफई आणि हनफी या इस्लामी कायद्याच्या दोन परंपरा. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक मुस्लिम शाफई, हनफी मताप्रमाणे कोळंबीबद्दलही वाद आहे, आणि कुर्लीचं मौलानांनाच विचारा. सोबत काँड्रॉइटिन असेल तर ते गुराच्या किंवा शार्कच्या कूर्चेतून, कधी डुकराच्याही. मला विचाराल तर ग्लुकोसामीनचा गुडघ्यांना फायदा किती, यावर डॉक्टरांतच एकवाक्यता नाही. तुम्ही वारफॅरिन घेत असाल तर ते सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगणं भाग आहे, रक्तस्राव वाढू शकतो.

आम्ही माळकरी. बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका असतो, औषधावर का नसतो? आणि हा प्रश्न फक्त मुसलमानांचाच आहे का?
— गुहागर

अजिबात नाही. माझ्या काउंटरवर कवचाबद्दल विचारणारे जैन व्यापारी आहेत, माळकरी आहेत. मुस्लिम आणि तुम्ही, दोघांची गरज वेगळी असली तरी दोघांनाही एचपीएमसीचं कवच किंवा साधी गोळी चालते.

ठिपक्याचं असं झालं. जीवरक्षक औषधं सोडून बाकीच्या औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर शाकाहारी-मांसाहारीची खूण असावी, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा ठिपका शोधू नका, घटक वाचा. मलेशियाने २०१२ मध्ये हलाल औषधांचं वेगळं मानक काढलं, इंडोनेशियाने २०१४ मध्ये कायदा केला, त्यात औषधंही येतात. आपल्याकडे मात्र पाकिटाची मागची बाजू आणि भिंग एवढंच आहे. भिंग मी दुकानात ठेवलंय, कुणीही मागावं.

दशमूलारिष्टात दारू असते का? आणि खोकल्याच्या औषधात? शेजारच्या खालांना सारखं खोकल्याचं औषध लागतं.
— दाभोळ

आसव-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यामुळे त्यांत मद्यार्क तयार होतोच. बाटलीवर 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' असं टक्क्यासकट छापलेलं असतं. खालांना नको असेल तर वैद्यांकडून काढा, चूर्ण किंवा घनवटी मागून घ्या. होमिओपॅथीचे थेंबही मद्यार्कातलेच, गोळ्यांवर तेच शिंपडतात. खोकल्याची सिरपं आता बरीचशी बिनमद्यार्काची येतात, मागच्या बाजूला बघून देता येतं. पचनाच्या सिरपातलं पेप्सिन मात्र डुकराच्या जठरातून येतं, ते विचारून घ्या.

आणि 'सारखं' म्हणजे किती दिवस? खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर बाटली बदलत बसू नका. खालांना सरकारी दवाखान्यात न्या, थुंकीची तपासणी तिथे फुकट होते. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटही बरोबर न्या, त्यातल्या काही गोळ्यांनीच कोरडा खोकला लागतो.